व्हॅलहाइम: बेस सारखा मोडतोय? आधी जागा तपासा

व्हॅलहाइम या गेममधल्या आमच्या चौघांच्या पहिल्या जगात आम्ही पाच बेस, म्हणजे राहायचे तळ, बांधले आणि पाचही सोडले. पहिला ट्रोलने, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाने, पाडला. दुसऱ्यात डेथस्क्विटो (जीवघेणे मोठे डास) येऊन आम्हालाच पाडायचे. तिसऱ्याला कुणी हात लावला नाही, पण समुद्र तिथून इतका लांब की तांबं वाहून वाहून आमचा आतेभाऊ "ऑफिसातली हमाली मला पुरे आहे" म्हणाला आणि दोन महिने गेमकडे फिरकला नाही. चौथा आणि पाचवा सांगण्याच्या लायकीचे नाहीत. दर वेळी बेस गेला की ग्रुपवर एकच ठराव मंजूर व्हायचा: पुढच्या वेळी भिंत अजून जाड करायची.

भिंत जाड होत गेली, बेस जात राहिले.

तुमचंही असंच चाललं असेल तर भिंतीचा नाद थोडा वेळ सोडा. घरासाठी प्लॉट बघायला गेलो की आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो, शेजारी कोण ते विचारतो, सातबारा मागतो. इथे मात्र तळ्यावर संध्याकाळचा उजेड पडलेला दिसला की लगेच हातोडा काढतो. पुढे जे लिहिलंय ते या सातबाऱ्याबद्दल.

स्वीडनच्या आयर्न गेटने हा गेम 2 फेब्रुवारी 2021 ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आणला आणि महिनाभरात त्याच्या 50 लाख प्रती खपल्या. आम्हीही त्याच लाटेत आलो, घरात कोंडून पडलेले. तेव्हापासून गेममध्ये मिस्टलँड्स आलं, ॲशलँड्स आलं, असे नवे प्रदेश आले, पण बेसची दुखणी तीच आहेत. खालचं सगळं मॉड न टाकलेल्या, नेहमीच्या सेटिंगवरच्या जगाला धरून आहे.

आधी दुखणं ओळखा

"बेस टिकत नाही" या एका वाक्यात वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. स्क्रीनवर एखादं वाक्य झळकून मग हल्ला होत असेल तर ती रेड, म्हणजे गेमने धाडलेली धाड. काहीच न झळकता रोज रात्री कुणीतरी दारावर धडका देत असेल तर ती रेड नव्हे, तो शेजार. भिंत शाबूत आणि तरीही ग्रेडवार्फ (जंगलातला बुटका राक्षस) अंगणात उभा असेल तर ते तिसरंच. कुणी मारत नाही, पाडत नाही, पण खेळायला बसलं की दोन तास नुसती ओझी वाहण्यात जातात, हे चौथं. आणि बेसमध्ये शिरलं की चित्र अडखळायला लागतं, हे पाचवं.

आम्ही या सगळ्यांना एकच औषध देत होतो, म्हणून गुण येत नव्हता.

रेड: ही टळत नाही, पण कळते

रेडचं गणित समजलं की निम्मी भीती जाते. साधारण दर 46 मिनिटांनी गेम एकदा फासा टाकतो आणि 20 टक्के वेळा रेड लागते. ती लागायला तुम्ही बेसमध्ये किंवा त्याच्या जवळ असावं लागतं. गेमच्या लेखी बेस म्हणजे काय, तर वर्कबेंच (कामाचं टेबल), बेड, विस्तव, फोर्ज (लोहाराची भट्टी) अशा निदान तीन वस्तू जवळजवळ असलेली जागा. तुम्ही दूर समुद्रात असताना मागे घर लुटलं जात नाही. जिथे कोणी खेळाडू नाही तो भाग गेम चालवतच नाही. आमच्यातला एक जण कित्येक महिने "घरी कुणीतरी थांबायला पाहिजे" म्हणून बेसवर पहारा देत बसायचा. त्याच्या पहाऱ्यामुळेच रेड यायच्या, हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कोणती रेड येणार हे तुम्ही आजवर काय काय मारलंय त्यावर ठरतं. आइकथिर, म्हणजे पहिला बॉस, मारला की रानडुकरं आणि नेक (पाण्याकाठचे छोटे सरडे) येतात, ते कुंपणाने थांबतात. पुढे ग्रेडवार्फ, ट्रोल, ड्रॉगर (चालती प्रेतं), लांडगे, ड्रेक (उडणारे छोटे ड्रॅगन). एकत्र खेळत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: नेहमीच्या सेटिंगवर हा हिशेब माणसाचा नसतो, जगाचा असतो. तिघांनी मिळून बोनमास हा पुढचा बॉस लोळवला आणि चौथा कालच आलाय, चामड्याच्या कपड्यात, तरी त्याच्या झोपडीवर येणारी रेड तुमच्या पातळीची असते. त्याचा बेस मोडतो यात त्याची चूक काहीच नाही. त्याला आपल्या बेसमध्ये घ्या.

आता जागेचा संबंध. रेडमधले प्राणी तुमच्या आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवर उगवतात आणि पायी चालत येतात. म्हणजे बेसभोवती चालत येण्याजोगी जमीन जितकी कमी, तितक्या दिशा कमी. तिन्ही बाजूंनी पाणी आणि एका बाजूला अरुंद वाट असं भूशिर मिळालं तर भिंतीची निम्मी मेहनत वाचते. त्या वाटेवर एक खंदक मारला की झालं. माळावर मधोमध बेस असेल तर तोच खंदक गोल मारावा लागतो, आणि आम्ही तो मारलाय, चार शनिवार गेले.

खंदकाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लाकडी भिंतीपेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे. जमीन तिच्या मूळ पातळीपासून 8 मीटर खाली खणता येते आणि 8 मीटर वर चढवता येते. ट्रोल लाकडी भिंत चार फटक्यांत झोपवतो, पण मातीच्या बांधाला तो काही करू शकत नाही. खंदक नुसता खोल असून भागत नाही, त्याच्या कडा उभ्या लागतात. उताराची कड म्हणजे त्यांच्यासाठी जिना. आणि खंदक भिंतीपासून जरा लांब ठेवा. ट्रोलचा हात लांब असतो, ग्रेडवार्फ दगड फेकतात. भिंतीला चिकटून खंदक खणला तर ते पलीकडे उभे राहून निवांतपणे घर पाडतात. हे आमच्या चौथ्या बेसचं, ज्याबद्दल मी बोलणार नव्हतो.

ड्रेक आणि वटवाघळं उडतात, त्यांना खंदक काय आणि भिंत काय. तिथे दगडी छप्पर आणि हातात धनुष्य.

वॉर्डबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. वॉर्ड लावला की बेस सुरक्षित, असं समजून आम्ही एकदा तीन लावले. वॉर्ड दुसऱ्या खेळाडूंना तुमची दारं-पेट्या उघडण्यापासून अडवतो. ट्रोल परवानगी मागत नाही.

आणि रेड नकोच असतील तर 2023 पासून जगाच्या सेटिंगमध्ये त्या कमी करता येतात, पार बंदही करता येतात. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना आठवड्यातून दोन तास मिळतात त्यांनी ते रात्रभर भिंती दुरुस्त करण्यात का घालवावेत?

भिंतीच्या आत ग्रेडवार्फ कुठून आला?

भिंतीला भोक शोधण्यात आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. भोक नव्हतंच. तो आतच उगवला होता.

वर्कबेंचभोवती साधारण 20 मीटरच्या वर्तुळात प्राणी उगवत नाहीत. घर या वर्तुळात असतं, त्यामुळे घरात कधी कोणी उगवत नाही, आणि आपल्याला वाटतं की भिंतीमुळे. मग आपण उत्साहात गाजर लावायला, डुकरं पाळायला, पुढे जहाज लावायला म्हणून भिंत पार लांबपर्यंत नेतो. आता भिंतीच्या आतच, वर्तुळाच्या बाहेर, एक मोकळा पट्टा तयार झाला. गेमच्या दृष्टीने तो रानच. तिथे रात्री जे उगवायचं ते उगवतं आणि आता ते तुमच्यासकट आत कोंडलेलं असतं.

उपाय स्वस्त आहे. अंगणात ठिकठिकाणी जादा वर्कबेंच ठेवा, वर्तुळं एकमेकांत शिरतील अशा बेताने. हत्यार बनवायला वर्कबेंचला छप्पर लागतं, पण उगवण थांबवायला लागत नाही, तेव्हा कोपऱ्यात उघडा ठेवला तरी चालतो. पावसाने त्याची तब्येत निम्म्यावर येते, तरी काम करतो. हातोडा घेऊन वर्कबेंचजवळ उभं राहिलं की त्याचं वर्तुळ जमिनीवर आखलेलं दिसतं. तेच बघत बघत चालत जा.

जागा निवडताना याचा उपयोग असा: जेवढं सांभाळू शकाल तेवढंच अंगण घ्या. नव्या जगात आमचा नियम तीन वर्कबेंचांचा आहे. त्यात न मावणारी हौस दुसरीकडे भागवायची.

शेजार: मिनिमॅपवरचं नाव वाचत चाला

दुसरा बेस आम्ही मेडोजमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या सौम्य कुरणांतल्या, एका टेकाडावर बांधला. खाली नदी, पलीकडे सोनेरी गवत, वाऱ्यावर हलणारं. ते सोनेरी गवत म्हणजे प्लेन्स हा फार धोक्याचा प्रदेश, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिला डेथस्क्विटो आला तेव्हा चौघांपैकी कुणीही तो पाहिला नाही, फक्त एक जण मेलेला दिसला. मग दुसरा.

प्राणी आपापल्या प्रदेशात उगवतात हे खरं, पण एकदा तुम्हाला पाहिलं की सरहद्द पाळत नाहीत. नदी अरुंद असेल तर ती सरहद्द धरूच नका. डेथस्क्विटो उडत येतो, फुलिंग (प्लेन्समधले गॉब्लिन) भाले फेकतात. सुरुवातीच्या चिलखतात एक चावा म्हणजे खेळ संपला. ब्लॅक फॉरेस्टच्या (मेडोजलगतच्या दाट जंगलाच्या) कडेला बसणं तितकं जीवघेणं नाही. ग्रेडवार्फ विस्तवाला बिचकतात, आणि तांबं-कथील जवळ मिळतं हा फायदाही आहे. पण ट्रोल फिरत फिरत येतो. आमचा पहिला बेस जंगलाच्या हद्दीपासून जेमतेम वीस पावलांवर होता. ट्रोल रेडमध्ये आलाच नव्हता. शेजारून आला, सहज.

म्हणून तपासणी अशी करा. मिनिमॅपवर तुम्ही उभे आहात त्या प्रदेशाचं नाव दिसतं. जागा आवडली की तिच्याभोवती गोल चक्कर मारा, निदान शंभर-दीडशे पावलं लांबून, आणि नाव कुठे बदलतं ते बघत चाला. दोन नावं आली तर विचार करा. प्लेन्स आलं तर जागा सोडा, कितीही सुंदर असली तरी. चक्कर मारताना ग्रेडवार्फांची घरटी, ट्रोलच्या गुहा, जुने पडके बुरुज दिसतात, तेही टिपून ठेवा. घरटं मोडून टाकलं की तिथली पैदास थांबते, पण आधी ते आहे हे माहीत तर पाहिजे.

काही जागी हातोडा चालतच नाही. कसली तरी गूढ शक्ती अडवते असा संदेश येतो. सुरुवातीचे दगड, व्यापाऱ्याचा मुक्काम, गुहांची तोंडं अशा ठिकाणांभोवती ते असतंच. ती अडचण तुमची नाही, चार पावलं बाजूला व्हा.

मग एक रात्र काढा. हे आम्ही फार उशिरा शिकलो. एक वर्कबेंच, चार खांबांवर छप्पर, खाली विस्तव, बेड. एवढंच बांधायचं आणि त्या रात्री झोपायचं नाही, जागं राहायचं. गेममधला अख्खा दिवस रात्रीसकट खऱ्या घड्याळातला अर्धा तास असतो, म्हणजे फार गमवावं लागत नाही. रात्री कोण कोण येतं, कुठल्या बाजूने येतं, ते कळतं. आतेभाऊ याला "भाडेकरार" म्हणतो: आधी राहून बघा, मग खरेदीखत.

धातू पोर्टलमधून जात नाही, आणि सगळं तिथेच अडतं

माझ्या मते सोडून दिलेल्या बेसपैकी निम्म्याहून जास्त राक्षसांनी घालवलेले नसतात. ते अंतराने घालवलेले असतात. आणि हे लवकर कळत नाही, कारण पहिले दहा-बारा तास सगळं लाकूड-दगडावर चालतं आणि लाकूड-दगड दाराबाहेर मिळतं.

मग तांबं लागतं. तांब्याची खनिजं ब्लॅक फॉरेस्टमध्ये, आणि एका नगाचं वजन 10. तुमची वाहायची ताकद 300. अंगावरचं चिलखत, कुऱ्हाड, ढाल, जेवण धरलं तर एका फेरीत वीस-बावीस नग. एक मोठा साठा फोडला तर त्यातून अशा कितीतरी फेऱ्या निघतात. पोर्टल, म्हणजे क्षणात दुसऱ्या जागी नेणारं दार, टाकू म्हणाल तर कच्चा किंवा वितळवलेला, तांबं, कथील, ब्राँझ, लोखंड, चांदी, यातलं काहीच साध्या लाकडी पोर्टलमधून जात नाही. पोर्टलसमोर उभं राहून हे पहिल्यांदा कळतं तेव्हाची शांतता मला अजून आठवते. ढकलगाडी आहे, पण तिला ब्राँझचे खिळे लागतात, म्हणजे पहिली खेप पाठीवरच. शिवाय चढावर ती गाडी ओढणं हा वेगळा अध्याय आहे. आमची एकदा टेकडीवरून सुटली ती थेट तळ्यात.

म्हणून बेससाठी माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: जहाज कुठे लागणार?

जहाजातल्या मालाला वजनाची मर्यादा नाही, फक्त खणांची आहे. कार्व्ह या छोट्या जहाजात 4 खण, एका खणात 30 नग, म्हणजे एका खेपेत 120. लाँगशिपमध्ये 18 खण, म्हणजे 540. पाठीवरच्या वीस नगांशी तुलना करून बघा. खेळ इथे बदलतो. स्वॅम्पमधलं (दलदलीतलं) लोखंड तर जवळजवळ नेहमी दुसऱ्या बेटावर निघतं, त्यामुळे आज ना उद्या समुद्राशी गाठ आहेच. आमच्या तिसऱ्या बेसवर ती गाठ पडली तेव्हा बेसपासून किनाऱ्यापर्यंत दोन टेकड्या होत्या. त्या दोन टेकड्यांनी आमचा एक गडी घालवला.

मात्र समुद्र दिसतो म्हणजे बंदर मिळालं असं नाही. उथळ किनाऱ्यावर लाँगशिप तळाला घासते. अरुंद नदीतून आत यावं म्हटलं तर खडक, आणि वारा समोरून असला की शीड निरुपयोगी, वल्हवत बसा. खाडीसारखी जागा बघा: आत वळलेली, पाणी खोल, पण तोंड रुंद. वादळात लाटा बऱ्याच वर येतात, त्यामुळे धक्का पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा चांगला उंच ठेवा आणि घर त्याहून वर. आमच्या नावाड्याने पहिला धक्का इतका खाली बांधला होता की वादळात जहाज धक्क्याखाली शिरलं आणि खालून आपटून आपटून फुटलं.

दोन युक्त्या, ज्यांनी आमच्या फेऱ्या निम्म्या केल्या. एक: स्मेल्टर (धातू वितळवायची भट्टी) आणि किल्न (कोळशाची भट्टी) हे दगड आणि सर्टलिंग कोअर या जिनसांपासून होतात, आणि या दोन्ही गोष्टी पोर्टलमधून जातात. तेव्हा भट्टी खाणीजवळ न्या. नुसतं वितळवून वजन कमी होत नाही, तो गैरसमज नको, पण ब्राँझ तिथेच केलं तर दोन तांबं आणि एक कथील मिळून एकच नग होतो. तीनच्या जागी एक. दुसरी: तयार हत्यारं आणि चिलखतं पोर्टलमधून बिनबोभाट जातात. खाणीजवळ छोटा फोर्ज टाका, जे तिथे बनवता येईल ते बनवा, घाला अंगात, आणि पोर्टलमधून घरी या. फोर्जच्या सगळ्या पातळ्या तिथे उभ्या करणं शक्य नसतं, पण सुरुवातीच्या वस्तूंना तेवढं लागतही नाही.

पोर्टलवरची बंदीसुद्धा जगाच्या सेटिंगमध्ये उठवता येते. आम्ही उठवली नाही. समुद्रप्रवास गेला तर या गेममध्ये माझ्यासाठी फारसं उरत नाही, पण हे माझं मत झालं. ज्याला समुद्र लागतो त्याने खुशाल उठवावी.

एकच वाडा की चार खोल्या?

आमचे पहिले पाचही बेस "सगळं इथेच" या हट्टाचे होते. गाय-गोठा, शेत, भट्टी, बंदर, चौघांचे बेड, एका तटबंदीत. अशी जागा जगात नसते. बार्ली आणि फ्लॅक्स (जवस) फक्त प्लेन्समध्येच उगवतात, आणि प्लेन्समध्ये राहू नये हे मी वर सांगितलंच. तांबं ब्लॅक फॉरेस्टमध्ये, लोखंड स्वॅम्पमध्ये, चांदी बर्फाळ डोंगरात. सगळ्यांच्या मध्ये बेस घ्यायचा म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांचे वैर घ्यायचे.

त्यापेक्षा राहायचं घर मेडोजमध्ये खाडीवर, आणि बाकी ठिकाणी खोपटी. खोपट्यात चारच गोष्टी: वर्कबेंच, विस्तव, बेड, पोर्टल, एकाच छपराखाली. बेड विसरू नका. मेल्यावर तुम्ही शेवटी ज्या बेडवर हक्क सांगितलात तिथे उठता, आणि एका वेळी एकच बेड तुमचा असतो. मोहिमेवर निघताना खोपट्यातल्या बेडवर हक्क सांगा, परतल्यावर घरच्या. हे विसरल्यामुळे एकाने आपलं सामान आणायला नागडं अर्धं जग पार केलंय.

स्वॅम्पचं खोपटं स्वॅम्पमध्ये बांधू नका. तिथे सतत ओलं, रात्री कोण काय येईल सांगता येत नाही. लगतचा मेडोज किंवा ब्लॅक फॉरेस्टचा किनारा शोधा, तिथे बांधा आणि कामाला चालत जा. प्लेन्समधलं शेत मात्र प्लेन्समध्येच लागतं. ते लहान ठेवा, पाण्याच्या कडेला, चहूबाजूंनी उभा खंदक, आत दोन वर्कबेंच. पेरा, निघून जा, कापायला या. तिथे मुक्काम नको.

पोर्टल जोडीने चालतात, एकच नाव असलेले दोन. तिसऱ्याला तेच नाव दिलं की कोण कुणाला जोडला जाईल याचा नेम नाही. आमच्याकडे एका रात्री "घर" नावाचे पाच पोर्टल निघाले. आता आधी पेटीवर पाटी, मग पोर्टल.

बेसमध्ये शिरलं की गेम अडखळतो

हे जागेचं दुखणं वाटत नाही, पण थोडं आहे. एकाच ठिकाणी हजारो तुकडे, शेकडो मशाली, कोंबड्या-डुकरं आणि खणून-चढवून बदललेली जमीन साठली की प्रत्येक मशीनला घाम फुटतो. डोंगरउतार सपाट करून त्यावर वाडा बांधला असेल तर जास्तच. आधीच सपाट असलेली जागा निवडली की हे काम मुळातच वाचतं. आणि खोपटी वेगवेगळ्या ठिकाणी असली की भार आपोआप वाटला जातो.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. बेसमध्ये जो पहिला पोहोचतो, त्याच्या मशीनवर त्या भागाचं बरंचसं गणित चालतं. त्याचं इंटरनेट कच्चं असेल तर बाकी सगळ्यांची दारं उशिरा उघडतात, डुकरं जागच्या जागी सरकतात. आमच्यात एक जण गावाकडून मोबाइलच्या डेटावर खेळतो. तो आता सगळ्यात शेवटी आत येतो, दारात उभा राहून "शिरू का?" विचारतो. बिचाऱ्याची चूक काहीच नाही.

चुकीच्या जागी बांधून झालंय, आता?

पाडा, पण हातोड्याने. हातोड्याने तुकडा काढला की त्याचं सगळं साहित्य परत मिळतं. कुऱ्हाडीने फोडत बसू नका. छपरापासून खाली या, नाहीतर खालचा खांब काढला की वरचं सगळं अंगावर येतं. लाकूड, दगड, चामडं पोर्टलमधून नव्या जागी. धातूच्या पेट्या मात्र जहाजानेच. म्हणून नव्या जागेवर घर नंतर, धक्का आधी.

सगळं पाडायचीही गरज नसते. जुन्या बेसवर एक पोर्टल, एक बेड, एक पेटी ठेवा, झालं तुमचं खोपटं. आमचा पहिला बेस, ट्रोलवाला, आज तांब्याची खाण म्हणून उत्तम चालतो. जागा खाणीसाठी चांगलीच होती, राहायला वाईट होती.

पाळीव जनावरांचं काय, असं विचारतात. पाळलेले लांडगे मागे मागे येतात, त्यांना चालवत नेता येतं. रानडुकरं ऐकत नाहीत. जहाजात घालून न्यायचे प्रयोग आम्ही केलेत, त्यात एक डुक्कर आणि दोन जहाजं गेली. नव्या जागी दोन रानटी डुकरं कुंपणात कोंडा, गाजरं-मशरूम टाका, लांब उभे राहा, काही वेळाने ती माणसाळतात. जुनी जोडी तिथेच राहू द्या. पाळलेली जनावरं उपासाने मरत नाहीत. तिसऱ्या बेसवर परवा सहज गेलो होतो, छपराचं लाकूड आम्हीच कधीचं काढून नेलंय, पण कुंपणात दोन्ही डुकरं उभी होती.